वेगाचा धाक आणि परवान्याची पायरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की ताम्हिणी, वरंधा, आंबोलीच्या घाटांत शनिवार-रविवारी मोटारसायकलींच्या रांगा लागतात, आणि सोमवारच्या अंकात कुठल्या तरी वळणावर गाडी घसरल्याची बातमी येते. कारण म्हणून 'अतिवेग' एवढाच शब्द असतो आणि उपाय म्हणून 'हळू चालवा' एवढाच सल्ला. सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. किती हळू, कुठे आणि का, हे सांगितल्याशिवाय तो विशीतल्या मुलाला पटत नाही.

मोठी गाडी चालवणाऱ्याच्या मनात भीती असते आणि धाकही असतो. या दोन्हींत फरक करायला हवा. भीतीने कोपर ताठ होतात, हँडल घट्ट आवळले जाते आणि नजर ज्याची धास्ती वाटते त्या खड्ड्यावर किंवा कठड्यावर खिळते. नजर जिकडे, गाडी तिकडे, म्हणून ती नेमकी तिथेच जाते. धाक असलेला माणूस आधीच अंतर मोजतो आणि वेग उतरवतो. पहिली भीती घालवायची आणि हा धाक कमवायचा, तर त्यामागचा हिशेब कळायला हवा.

कोरडा रस्ता, चांगले टायर आणि सरावाचा हात असेल तर ब्रेकखाली दर सेकंदाला ताशी सुमारे २५ किलोमीटर वेग उतरतो. अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतही एक सेकंद जातोच. ताशी ६० च्या वेगात गाडी त्या एका सेकंदात १७ मीटर जाते, ब्रेकखाली आणखी २०, आणि ३७ मीटरांत थांबते. ताशी १०० ला पहिल्या सेकंदातच २८ मीटर संपतात, ब्रेकखाली ५५ लागतात आणि बेरीज ८३ वर जाते. आता पुढे ३७ मीटरवर उसाची ट्रॉली उभी आहे असे धरा. साठची गाडी ट्रॉलीच्या तोंडाशी थांबते. शंभरची गाडी तिथे पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी ९० च्या वरच असतो. वेग दुप्पटही झालेला नाही, तरी पहिला थांबला तिथे दुसरा जवळजवळ पूर्ण वेगाने आदळतो. ब्रेकखाली लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, त्याचा हा अर्थ.

रात्री हाच हिशेब आणखी कडक होतो. लो बीमचा, म्हणजे खाली झुकवलेल्या हेडलाइटचा, कामाचा उजेड साधारण ४०-५० मीटर पडतो. ताशी ८० ला थांबायला ५८ मीटर लागतात. चौपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ८० आहे, म्हणजे कायद्याच्या आत राहूनही रात्री आपण आपल्या दिव्याच्या पुढे धावत असतो. गळीत हंगामात सातारा-कोल्हापूरकडे मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या असतात, तेव्हा लो बीमवर ६० च्या पुढे काटा जाऊ देऊ नये.

घाटात धोका ब्रेकपेक्षा वळणाचा अधिक. समजा वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ६० ने जाताना गाडी सुमारे ३० अंश कलवावी लागते, ७० ला ३८ अंश आणि ८० ला थेट ४५ अंश. काट्यावर वीसचा फरक, पण रोज शहरात चालवणारा माणूस ज्या कोनात कधी गेलेला नाही तिथे तो अचानक जाऊन पोहोचतो. ओल्या, झिजलेल्या डांबरावर तर याच वळणाची सीमा ताशी ५५ च्या आसपास संपते. शेवाळावर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर ती त्याहून लवकर संपते, आणि पहिल्या पावसात धूळ अन् सांडलेले ऑइल वर येते तेव्हाही तसेच.

वळणात वेग जास्त झाला असे वाटताच नवखा चालक रेस एकदम सोडतो किंवा पुढचा ब्रेक आवळतो. वजन पुढच्या टायरवर येते, गाडी उभी होऊ पाहते आणि वळणाच्या बाहेर, डावे वळण असेल तर समोरून येणाऱ्या एसटीच्या अंगावर जाते. बऱ्याच वेळा टायरमध्ये पकड शिल्लक असते, चालकाचा धीर मात्र संपलेला असतो. म्हणून ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ उभी असतानाच संपवायचा, गिअर तिथेच उतरवायचा आणि वळणात रेस हलकी पण धरलेली ठेवायची. वळण किती आवळते आहे हे ओळखायला रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळालेल्या दिसतात त्या बिंदूकडे पाहावे. तो जवळ येऊ लागला तर वळण आवळते आहे, दूर पळू लागला तर उलगडते आहे. उजव्या वळणात मधल्या रेषेपासून चांगले डावीकडे राहावे, कारण कललेल्या गाडीवर चालकाचे डोके टायरपेक्षा पाऊण मीटर उजवीकडे असते. टायर आपल्या बाजूला असला तरी डोके पलीकडच्या वाहनाच्या वाटेत जाते. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण ते फार थोड्यांना कोणी सांगितलेले असते.

वेगात गाडी वळते कशी, हेही. ताशी पंचवीस-तीसच्या वर हँडल फिरवून गाडी वळत नाही. डावीकडे जायचे तर डाव्या हातमुठीला पुढे ढकलायचे, की गाडी डावीकडे कलते. हे नकळत सगळेच करतात. पण घाबरलेला माणूस दोन्ही हात ताठ करतो आणि स्वतःच हे ढकलणे अडवतो.

ब्रेकचा सराव रिकाम्या, कोरड्या, सरळ जागी करावा. पूर्ण हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घालूनच. ताशी ३० पासून सुरुवात करून ४०, मग ५० पर्यंत जावे आणि प्रत्येक वेगाला आठ-दहा वेळा थांबावे. गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर सैल, नजर दूर. पुढचा ब्रेक दोन बोटांनी आधी हलका घ्यायचा, पुढचा शॉकअप दबल्याचे जाणवले की जोर वाढवायचा. पहिल्याच क्षणी झटक्यात आवळला तर वजन पुढे येण्याआधी चाक अडकते. मागच्या ब्रेकला सोबत हलका पाय, क्लच अगदी शेवटी. एबीएस, म्हणजे ब्रेकखाली चाक अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर लिव्हर थरथरली तरी सोडायची नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, पण अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते आणि मागचे चाक अडकू शकते. शिवाय साधे एबीएस सरळ रेषेतच खरे काम करते. कललेल्या गाडीवर त्याचा भरवसा धरू नये.

गाडीची तयारी थोडक्यात. टायरची हवा गाडी थंड असताना, कंपनीच्या स्टिकरप्रमाणे भरावी. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते, '२३२२' म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. नवा टायर पहिले शंभर किलोमीटर तरी गुळगुळीत असतो, तोवर जोरात कलवू नये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, तेव्हा ते दोन वर्षांनी बदलावेच. नाही तर लांब उतारावर उकळते आणि लिव्हर पोकळ जाते.

आता शासनाला उद्देशून. आपल्याकडे 'गिअरसह मोटारसायकल' हा एकच परवाना आहे. शंभर सीसीच्या, आठ अश्वशक्तीच्या स्प्लेंडरवर आठचा आकडा काढून तो मिळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच परवान्यावर सहापट ताकदीची ६५० किंवा त्याहून मोठी गाडी कायदेशीर चालवता येते. युरोपात अशी मोकळीक नाही. तिथे ११ किलोवॅटपर्यंतची पहिली पायरी, ३५ किलोवॅटपर्यंतची दुसरी आणि मग खुली, अशा पायऱ्या आहेत. वरच्या पायरीला वय, अनुभव किंवा पुन्हा चाचणी लागते. आपल्याकडे पायऱ्या करायच्या तर त्या सीसीवर नकोत, ताकदीवर हव्यात. ३४९ सीसीची क्लासिक ३५० साधारण २० अश्वशक्तीची आणि १९५ किलोंची आहे. आपल्याच चाकणला तयार होणारी ३९९ सीसीची ड्यूक ३९० मात्र ४६ अश्वशक्तीची आणि तिच्याहून हलकी. ५० सीसीच्या फरकात ताकद दुपटीच्या वर जाते. ११ किलोवॅट म्हणजे सुमारे १५ अश्वशक्ती. ही रेषा आपल्या रोजच्या १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना हात न लावता आखता येते, त्यामुळे कामावर जाणाऱ्या बहुतेकांना त्रास होणार नाही.

वरच्या पायरीच्या चाचणीत ताशी ५० वरून ठरलेल्या अंतरात थांबणे आणि त्याच वेगात अडथळा चुकवणे, एवढे दोनच प्रकार प्रत्यक्ष तपासावेत. आजच्या चाचणीत सहसा ते होत नाही. त्याच्या सरावाला सुरक्षित जागा मिळत नाही, म्हणून मुले महामार्गावरच शिकतात. आरटीओची जी चाचणी मैदाने रविवारी रिकामी असतात आणि ज्यांवर शंभर मीटरचा सरळ पट्टा आहे, ती प्रशिक्षकाच्या देखरेखीत, नाममात्र शुल्क घेऊन खुली करावीत. परिवहन विभागाने याची सुरुवात पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून करावी, अशी आमची मागणी आहे.

आपले,
दुचाकी दुरुस्ती व प्रशिक्षणाच्या कामातील काही जण, पुणे