येशू दाखल्यांतून का शिकवायचा

संपादक साहेब, नमस्कार.

येशूने दाखले (म्हणजे छोट्या बोधकथा) दिले ते लोकांना सोपं जावं म्हणून, असं सगळे म्हणतात, पण बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात शिष्य नेमकं हेच विचारतात आणि उत्तर वेगळंच मिळतं, की हे लोक बघतात पण त्यांना दिसत नाही, ऐकतात पण समजत नाही. पेरणाऱ्याचा दाखला (पेरलेलं बी वेगवेगळ्या जमिनीवर पडतं, तो) अख्ख्या गर्दीने ऐकला ना, मग अर्थ कोणाला मिळाला? जे नंतर जवळ जाऊन विचारत बसले त्यांनाच (बायबलमधल्याच मार्कच्या पुस्तकाचा 4था अध्याय वाचा). शिष्यांनाही लगेच कळलं नव्हतं, हे आपण विसरतो. माझ्या मते विश्वास म्हणजे कळलं नाही तरी उठून न जाणं, समज मागून येते. उधळ्या मुलाच्या दाखल्यात पैसे उडवून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, म्हणून थोरला भाऊ रागावून बाहेरच थांबतो; तो शेवटी घरात गेला की नाही हे बायबलमधलं लूकचं पुस्तक सांगतच नाही, ते ऐकणाऱ्यावरच सोडलंय.

– एक वाचक