पालापाचोळा राहू द्या: पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सायनला राहतो. रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून धारावीलगतच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जातो. तिथे एकेकाळी शहराचा कचरा पडायचा. १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी त्या उकिरड्यावर झाड लावलं, १९९४ मध्ये ३७ एकरांचं हे उद्यान लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्यावर रान उभं करणाऱ्या याच शहरात आता पालापाचोळ्यालाच कचरा म्हणतात!

पहिल्या पावसाच्या आगेमागे मुंबईत नवरंग उतरतो. एवढा रंगीत पक्षी, पण फिरतो जमिनीवर, कुजकी पानं उलथून किडे-गांडुळं टिपत. पानं झाडून पोत्यात भरली की त्याच्यापुढचं ताटच उचललं. हरियाल तर आपला राज्यपक्षी. त्याला वड, पिंपळ, उंबराची फळं लागतात. सुशोभीकरणातले शोभेचे पाम त्याच्या काय कामाचे?

आणि तांबट. उन्हात कुठेतरी टुक-टुक ऐकू येतं ना, तोच. वाळक्या फांदीला भोक पाडून तो घर करतो. मागे एका उद्यानात (नाव घेत नाही) ऐन मार्चमध्ये अशी फांदी 'बरी दिसत नाही' म्हणून उतरवली. आत पिल्लं होती. माळ्याला काय बोलणार, त्याने सांगितलेलं काम केलं. पिल्लं फडक्यात धरून त्यानेच मला विचारलं, "आता ही कुठं ठेवू?" मला उत्तर देता आलं नाही.

रस्त्याकडेच्या झाडांबद्दल मी बोलत नाही. तिथे फांदी पडून माणसं दगावतात, छाटणी हवीच. मागणी फक्त निसर्ग उद्यानांपुरती आहे. पायवाटेपासून लांब असलेली वाळकी झाडं उभी राहू द्या. झाडांखालची पानं हलवू नका. रात्री झाडांवर दिव्यांच्या माळा नकोत, घुबडं-पिंगळ्यांचा तो कामाचा वेळ. फेब्रुवारी ते ऑगस्ट फांद्यांना हात लावण्याआधी एखाद्या जाणकाराला घरटी बघायला लावा. हे सगळं लेखी आदेशात येऊ द्या. तोंडी सूचना ठेकेदार बदलला की विसरल्या जातात.

आणि एक पाटी लावा: 'पानं मुद्दाम ठेवली आहेत.' नाहीतर आठवड्याभरात अस्वच्छतेच्या तक्रारी येतील. आमच्या सोसायटीत तशी तक्रार पूर्वी मीच केली होती.

आपला,
एक सायनकर पक्षीनिरीक्षक