बंद बाल्कनीत कोळसा नको

महोदय,

नवी मुंबईतील काही हौशी मंडळी डुकराच्या बरगड्या घरीच धुरावर शिजवू लागली आहेत. हौसेला माझा विरोध नाही. चिंता आहे ती काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत पेटणाऱ्या शेगडीची. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, तो साठला तरी कळत नाही, त्यामुळे खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. शेगडी उघड्यावरच हवी, आणि गच्ची वापरायची तर सोसायटीची परवानगी आधीच घ्यावी.

प्रथमच करणाऱ्यांनी घाई टाळावी. हाडांच्या बाजूचा चिवट पापुद्रा सुरीच्या टोकाने उचलून, कोरड्या फडक्यात धरून ओढला की बहुधा अखंड निघतो. पुढे ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या धगीवर पाच-सहा तास द्यावेच लागतात, कारण मांस त्याआधी शिजले तरी त्यातील कोलॅजेन (मांस चिवट ठेवणारे प्रथिन) विरघळून ते मऊ व्हायला वेळ लागतो. लाकूड आंब्याचे किंवा पेरूचे, पूर्ण वाळलेले असावे. प्लायवूडचे तुकडे वा रंगवलेल्या फळ्या अजिबात नकोत. दाट पांढऱ्या धुराने मांस कडवट होते (वरच्या मजल्यावरचे शेजारीही). उरलेले निखारे पाणी ओतून पूर्ण विझवल्याखेरीज कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत.

— एक वाचक, नेरुळ