जुन्या गिटारच्या वायरिंगसाठी आभार

माझ्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारचं वायरिंग आणि कंट्रोल्स बदलताना ज्यांनी ज्यांनी मदत केली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं घेत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

काहीही सोडवण्याआधी आतल्या प्रत्येक जोडणीचा फोटो काढायला लावणाऱ्या काकांचे आभार सर्वांत आधी. पॉटच्या, म्हणजे आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या नॉबखालच्या भागाच्या, पाठीवरचे आकडे वाचायला त्यांनीच शिकवलं. सुरुवातीला १३७ असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा. पुढे तो बनल्याचं वर्ष आणि आठवडा. निघालेले पॉट फेकू नकोस, हेही त्यांनी बजावलं. ते आता डबीत आहेत, केसमध्येच.

हंबकरला, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या दुहेरी कॉइलच्या पिकअपला, ५०० किलोओहमचेच पॉट घे, २५०चे लावलेस तर आवाजाची धार जाईल, असं सांगणाऱ्या मित्राचे तर किती आभार मानू! टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या आउटपुटच्या पायाला जोडायची १९५०च्या दशकातली पद्धतही त्याचीच शिफारस. व्हॉल्यूम उतरवला तरी ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग, मरत नाही. माझ्या मते सगळ्या कामातला हाच खरा फायदा, बाकी निम्मी हौस.

कापडी वेष्टनाची वायर देणाऱ्या ताई, वेष्टन मागे सारायचं, डाख द्यायचा, पुन्हा पुढे ओढायचं. सोलायची कटकटच नाही!

आणि गिटारमधला हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, नुसता फोनवर ऐकून ‘ब्रिजची अर्थिंगची वायर बघ’ म्हणणारे दादा, तारा टेकतात त्या ब्रिजची तीच वायर सुटली होती. तुमचं सोल्डरिंग आयर्न टोक पुसून ठेवलंय, रविवारी आणून देतो.