साखळीला कानस, बारकडे काणाडोळा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मिरग तोंडावर आला की खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात घरोघरची कटर मशीनं, म्हणजे चेनसॉ, बाहेर निघतात. कौलांवर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या असतात, सरपण पडवीत घ्यायचं असतं. पुढे पाऊस लागला की रस्त्यावर आडवी झालेली झाडं असतातच. त्याआधी जो तो चेनला कानस मारून घेतो. ती चेन ज्या बारवर, म्हणजे पुढच्या लांब पोलादी पट्टीवर, फिरते त्याच्याकडे मात्र मशीन वाकडं कापू लागेपर्यंत कोणी बघत नाही. मग दुकानात सांगतात, चेन-बार दोन्ही बदला. पुष्कळदा ते काम कानस, गुण्या आणि अर्ध्या तासात भागणारं असतं. उलट बार खरोखरच संपलेला असेल तर तोच रेटून वापरण्यात हातपाय गमावण्याचा धोका आहे. हा फरक घरच्या घरी ओळखता यावा म्हणून हे पत्र.

बारला दोन कडा आणि मधे खाच असते. चेनचे खालचे दाते, म्हणजे ड्राइव्ह लिंक, खाचेतून जातात आणि कापणारे दाते व जोडपट्ट्या दोन्ही कडांवर टेकून सरकतात. आपण बहुतेक वेळा बारच्या खालच्या बाजूने कापतो, त्यामुळे तीच बाजू आधी झिजते. म्हणून चेनला धार लावली की दर वेळी बार उलटा करून बसवावा. त्यावरचं कंपनीचं नाव उलटं दिसलं तरी काही बिघडत नाही. एका अंगाला रंगाचा ठिपका दिला की कोणती बाजू झाली ते लक्षात राहतं.

बार काढण्याआधी इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा आणि हातमोजे घाला. खाचेत भुसा आणि ऑईल मिळून काळी, घट्ट वडी झालेली असते. तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घेऊन ती टोकाकडून मागे ओढत काढा. उलट दिशेने ढकलली तर तो सगळा कचरा टोकाच्या चक्रीत जाऊन बसतो. मागच्या बाजूचं ऑईलचं बारीक भोक तारेने मोकळं करायला विसरू नका. ते बुजलं तर टाकीत ऑईल असूनही चेन कोरडी फिरते.

आता कडा. बाहेरच्या अंगाने नख फिरवून बघा. बोट फिरवू नका, कापतं. नखाला पातळ, धारदार ओठ लागला तर कडेचं लोखंड बाहेर लोळलंय असं समजा. बोथट चेन दाबून दाबून चालवली की हे होतं. आपल्याकडे मातीत पडलेला ओंडका तसाच कापायची सवय आहे. सालीत अडकलेल्या तांबड्या मातीने चेन दोन मिनिटांत बोथट होते आणि पुढचा सगळा भार बारवर येतो. हा ओठ सपाट कानशीने, तिरका हात धरून उतरवा. तसाच ठेवला तर एक दिवस त्याचा तुकडा कडेसकट उडतो.

त्यानंतर बार काचेवर त्याच्या कडांवर उभा करा. सरळ उभा राहिला तर दोन्ही कडा सारख्या आहेत. एका बाजूला कलला तर एक कड जास्त झिजली आहे, आणि काप तिरका जाण्याचं एक कारण तिथेच आहे. बार शिकंज्यात आवळून सपाट कानस दोन्ही कडांवर एकदम, लांबीच्या दिशेने चालवा. मोकळ्या हाताने कानस डुलते, म्हणून ती काटकोनात रंधलेल्या लाकडी ठोकळ्याला बांधून तो ठोकळा बारच्या अंगाला टेकवून सरकवावा. उंच कड खाली येईपर्यंतच घासायचं. अँगल ग्राइंडर मात्र लावूच नये. कडांना कारखान्यात दिलेलं पाणी त्या उष्णतेने उतरतं आणि मऊ झालेली कड भराभर झिजते. कडेवर निळसर डाग दिसला तर तिथे हे आधीच झालं आहे. असा बार फार दिवस टिकत नाही.

घासून झाल्यावर खाचेची खोली व्हर्नियरच्या डेप्थ रॉडने मोजा. लहान मशीनवरच्या ३/८ इंच लो प्रोफाइल (कमी उंचीच्या) चेनला किमान ५ मिलिमीटर खोली लागते, .३२५ इंच आणि साध्या ३/८ इंच चेनला ६ मिलिमीटर. त्याहून कमी भरली तर ड्राइव्ह लिंक तळाला घासतात, चेन कडांवरून उचलली जाते आणि उतरण्याची भीती असते. अशा बारला उपाय नाही, तो भंगारात घाला.

खोली पुरेशी आहे पण चेन डुलते, असंही होतं. चेन बारवर ताणलेली असताना पोलादी पट्टी कापणाऱ्या दात्याच्या आणि बारच्या अंगाला लावा. पट्टी आणि बार यांच्यात फट दिसली तर ठीक. चेन कलून पट्टी बारला चिकटली तर खाच रुंद झाली आहे किंवा ड्राइव्ह लिंक पातळ झाल्या आहेत. नवी चेन चढवून बघा. तीही कलली तर दोष बारचाच. अशा वेळी बारच्या मागच्या बाजूला कोरलेलं माप वाचा, १.३ किंवा १.५ मिलिमीटर असं असतं. तेवढ्या जाडीची फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या साधनाची) पट्टी खाचेत घालायची, बार ऐरणीवर आडवा ठेवायचा आणि कडेवर हलक्या हातोडीने ठोकत पुढे सरकायचं. मग बार उलटून पुन्हा तसंच. गेज शेवटपर्यंत मोकळी सरकली पाहिजे. जास्त आवळली तर चेन अडकून तापते. हा इलाज तात्पुरता आहे, आणि कडेला तडा असेल तर तो करूच नये.

ज्या बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीचे कारागीर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप सांभाळतात, तिथे चेनसॉच्या दुकानात एक फिलर गेज नसावी याचं वाईट वाटतं.

काप वाकडा जातोय आणि कारण कळत नाही? बार उलटा बसवून त्याच लाकडात पुन्हा कापा. कापाची तऱ्हा बदलली तर बहुधा दोष बारचा. तशीच राहिली तर चेनचे डावे-उजवे दाते मोजा, एका बाजूचे लांडे निघतील.

टोकाच्या चक्रीला ग्रीसचं भोक असेल तर आधी ते पुसा, मग जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत चक्री फिरवत नवं भरा. भोक नसेल तर चेनचं ऑईल पुरतं. चक्री हलत असेल किंवा तिचे दाते सुईसारखे झाले असतील तर टोक बदला. ते वेगळं निघत नसेल तर बारच बदला. इंजिनकडच्या चक्रीवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खळगे पडले असतील तर तीही बदलायला हवी. नाहीतर ती नवी चेन खराब करते.

गॅरेजमधलं काळं, जळकं ऑईल टाकीत ओतण्याची चाल सगळीकडे आहे. ती सोडा. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, तो कडा झिजवतो. त्याला चिकटपणा नसल्यामुळे ते टोकावरून उडून जातं, आणि कातडीलाही ते घातक आहे. चेनचं ऑईल पोहोचतं का हे बघायला तुमच्याच शिळ्या अंकाचा कागद पुरतो. बारचं टोक कागदापासून वीतभर वर धरून मशीन अर्ध्या वेगाने चालवा, मिनिटाच्या आत ऑईलची रेघ उमटली पाहिजे. काम संपल्यावर चेन थोडी सैल करून ठेवा, निवताना ती आवळते आणि बार व इंजिन दोन्हींना ओढते.

संपादक महोदय, पावसाआधी शेतीच्या पानावर ही माहिती द्यावी. विक्रेत्यांनी नवं मशीन देताना एक सपाट कानस आणि बारच्या मापाची गेज सोबत द्यावी. हेस्कॉम या वीज कंपनीच्या आणि ग्रामपंचायतींच्या मशीनसोबत दुरुस्त करून ठेवलेला एक जादा बार असावा, म्हणजे भर पावसात रस्त्यावर झाड पडलेलं असताना बेळगावहून बार यायची वाट बघावी लागणार नाही.

आपले,
लाकूडकटाईच्या यंत्रांची दुरुस्ती करणारे काही कारागीर
खानापूर, जि. बेळगाव