दादांचा भोंगा

सांगली, रविवार

प्रिय सुन्या,
सप्रेम नमस्कार.

घरात कॉम्प्युटर घेतोयस आणि ‘अँटिव्हायरस कुठला टाकू’ एवढंच विचारलंस. विंडोजमधला डिफेंडर पुरे. त्याआधी आमच्याकडची गंमत ऐक.

गेल्या महिन्यात दादा पंचांग बघत बसले होते. एकाएकी अख्खा स्क्रीन लाल, भोंगा सुरू: ‘व्हायरस सापडलाय, या नंबरवर फोन करा.’ दादांनी केला! पलीकडचा गोड बोलून एक ॲप टाकायला लावत होता. ते एकदा टाकलं की कॉम्प्युटर त्याच्या हातात. पण मशीनने ॲडमिनचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड मागितला आणि तो फक्त मला माहीत. दादांनी मला दुकानात फोन लावला, म्हणून वाचलो. तो लाल स्क्रीन म्हणजे ब्राउझरमधलं साधं पान होतं रे, अल्ट आणि एफ-४ दाबलं की गेलं.

तेव्हा घरच्यांना साधं खातं दे, ॲडमिनचं वेगळं ठेव. अर्थात काही ॲप पासवर्ड न मागताही चालतात, त्यामुळे यावरच विसंबू नकोस. आई दादांना बोलायला लागली होती, तिला मी गप्प केलं. त्या दिवशी बोलणी बसली असती, तर पुढच्या वेळी मला त्यांचा फोन आला नसता. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं, हे सगळ्यांना सांगून ठेव.

जुनं विंडोज १० चं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नकोस. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे अपडेट संपले. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवतो, फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस? त्याच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ‘नंतर बघू’ म्हणणारे अडकले.

आणि बॅकअप. २०१९ च्या पुरात आमचा कॉम्प्युटर गेला, ताईच्या लग्नाचे फोटो गेले. बॅकअपची हार्ड डिस्क होती की! त्याच टेबलाच्या खणात. आता ती मिरजेला मावशीच्या कपाटात असते. फोटो भरून झाले की डिस्क काढून ठेवायची; जोडलेली राहिली तर फायली कुलूपबंद करणारा व्हायरस तिलाही सोडत नाही.

राउटरचा पासवर्ड मी साताऱ्याला आलो की बदलू.

दादा हल्ली कुठलंही ‘ओके’ दाबण्याआधी दुकानात फोन करतात. काल पाच वेळा. गिऱ्हाईक ताटकळतं, पण उचलतो.

तुझा,
अव्या