सेप्टिक टाकी तुंबण्याची वाट कशासाठी पाहायची?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोलशेत गावठाणातील आमच्या गल्लीत मलवाहिनी अद्याप पोहोचलेली नाही, त्यामुळे आमच्या एकमजली घराचा सारा मैला अंगणातील सेप्टिक टाकीत जातो. गेल्या श्रावणात ऐन सणाच्या तोंडावर शौचालयातले पाणी उतरेनासे झाले, न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे येऊ लागले, आणि टाकी शेवटची कधी उपसली होती हे घरात कोणालाच सांगता येईना. झाकणही सापडेना, कारण सहा वर्षांपूर्वी अंगणात लादी बसवताना ते तिच्याखाली गडप झाले होते. गवंड्याने अंदाजाने तीन ठिकाणी लादी फोडली, तेव्हा कुठे ते हाती लागले.

मैला उपसणारी गाडी आली ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली. पाइपाला पाइप जोडून टाकीपर्यंत आणला, पण तळाचा गाळ इतका घट्ट बसला होता की पंप नुसते वरचे पाणी ओढू लागला. तेव्हा गाडीवरच्या मुलाने शर्ट काढून कठड्यावर ठेवला आणि 'आत उतरून फावड्याने हलवतो, पाचशे जास्त द्या' असे अगदी सहज सांगितले. माझ्या आईने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढले. शेवटी पाण्याचा फवारा मारून गाळ सैल करत, थोडा थोडा उपसत तीन तास गेले.

त्या टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेले असतात. यातला दुसरा वायू कुजक्या अंड्यासारखा वास देतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की माणसाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे 'आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही' हा हिशेब जिवावर बेततो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि यातून घरमालक सुटत नाही. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपयांवर नेली.

या साऱ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे, तो म्हणजे 'आमची टाकी पंधरा वर्षांत भरलीच नाही' असे अभिमानाने सांगणे. चांगली टाकी वापर सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच पाण्याने भरते आणि मग कायम भरलेलीच असते. जेवढे पाणी आत येते, तेवढेच दुसऱ्या टोकाने शोषखड्ड्याकडे जाते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर पडते. हळूहळू वाढतो तो तळाचा गाळ. तो वाढला की पाण्याला आत थांबायला जागा उरत नाही आणि मैलाच शोषखड्ड्यात, तिथून नाल्यात आणि शेवटी खाडीत जातो. पंधरा वर्षे जिच्याबद्दल तक्रार आली नाही, तिचा तळ बहुधा फुटलेला असतो किंवा तिचे तोंड कोणीतरी गुपचूप गटाराला जोडलेले असते. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांनी उपसा टळत नाही. उलट आपण हौसेने ओतलेले अ‍ॅसिड आणि फिनेल टाकीतल्या कामाच्या जिवाणूंना मारते.

दर दोन ते तीन वर्षांनी उपसा करावा, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वेळेवर उपसलेला गाळ पातळ असल्यामुळे पंपाने सहज निघतो आणि कोणाला आत उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. थोडा गाळ तळाशी विरजणासारखा राहू द्यावा आणि टाकी पुन्हा पाण्याने भरून घ्यावी. खाडीलगत जमिनीतले पाणी वर असते, तिथे पावसाळ्यात रिकामी ठेवलेली टाकी खालून उचलली जाण्याचा धोका असतो, म्हणून उपसा शक्यतो पावसाळ्याआधीच उरकावा.

पण हे सारे घरमालकाच्या आठवणीवर सोडून चालणार नाही, हे मी आमच्याच घरावरून सांगतो. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या छोट्या नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या पाळीपाळीने उपसण्याची पद्धत घालून दिली. ठाण्यासारख्या महापालिकेला हे जड जाऊ नये. मलवाहिनी नसलेल्या घरांची यादी करावी, मालमत्ता कराच्या बिलावर पुढील उपशाचे वर्ष छापावे आणि गावठाणातल्या गल्ल्यांत शिरतील अशा लहान गाड्या घ्याव्यात. मोठी गाडी मुख्य रस्त्यावर उभी करून भागत नाही, हे त्या दिवशी आमच्या साऱ्या गल्लीने पाहिले आहे.

आमच्या अंगणात झाकणावर आता लादी नाही, आणि शेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने उपशाचा महिना लिहिला आहे. आईला तिथे तुळशीची कुंडी ठेवायची होती. तेवढे मात्र आम्ही होऊ दिले नाही.

आपला,
एक वाचक, कोलशेत, ठाणे (प.)